वूडन फ्लोअरिंगवर फिश टँक: मेंटेनन्सच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

फिश टँक मेंटेनन्सच्या लाइनमध्ये येणारी नवीन मुलं मासे शिकून येतात, पीएच, अमोनिया, सायकलिंग (म्हणजे नवीन टाकीचं पाणी माशांसाठी तयार होऊ देणं), कुठला मासा कुणाबरोबर राहतो हे सगळं तोंडपाठ असतं, पण टाकी ज्या जमिनीवर उभी आहे त्या जमिनीबद्दल कुणी काही विचारत नाही. मी पुण्यात हेच काम करतो आणि माझं ठाम मत आहे की क्लायंट टिकतो तो जमिनीमुळे. मासा मेला तर माणूस हळहळतो आणि दुसरा आणतो, फ्लोअरिंग फुगलं तर मात्र तुम्हाला पुन्हा घरात घेत नाही.

नवीन फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा हॉलला टाइल्स असतात आणि वूडन फ्लोअरिंग बेडरूममध्ये, आणि लोकांना टाकी नेमकी बेडरूममध्येच हवी असते, झोपताना समोर दिसावी म्हणून. "ताई, टाइलवर ठेवली तर नाही का चालणार?" हे पहिल्या भेटीत एकदा तरी विचारा. नाही म्हणाल्या तर खाली नक्की काय आहे ते आधी बघून घ्या. कारण "वूडन" म्हणतात त्यातलं बरंचसं लॅमिनेट असतं, म्हणजे वर छापलेला थर आणि आत दाबलेला लाकडाचा भुसा, ते एकदा पाणी पिऊन फुगलं की परत बसत नाही, फळी बदलावीच लागते. इंजिनिअर्ड वूडला वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लाय, ते थोडं सहन करतं. सॉलिड साग किंवा ओक जुन्या बंगल्यात सापडतो, तो वाळवून, घासून, पॉलिश करून वाचवता येतो पण वेळ खूप जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. टाकी फुटेल म्हणून सगळे घाबरतात, पण मी पाहिलेली बहुतेक फ्लोअरिंग खराब झाली ती थेंबाथेंबाने. पॉलिशवर पडलेलं पाणी दिसतं आणि लगेच पुसलं जातं, पण दोन फळ्यांच्या सांध्यातून आत गेलेलं दिसत नाही, आणि फ्लोअरिंगच्या खाली फोम आणि प्लॅस्टिकचा कागद असतो त्यामुळे ते पाणी तिथेच अडकून बसतं, वर वाळलेलं आणि खाली ओलं. मग फळीचा खालचा भाग फुगतो, कडा वर उचलतात आणि मधे खळगा पडतो, हात फिरवला की लगेच कळतं. म्हणून दर व्हिजिटला स्टँडच्या आजूबाजूला हात फिरवायची सवय लावून घ्या, आणि स्टँडच्या खालच्या कडेने कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर कुठून येतंय ते शोधल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

शोधायचं कुठे? आधी कॅनिस्टर फिल्टरचे (टाकीच्या बाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) नळ आणि झाकणाचा ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, सर्व्हिसिंग करताना ओ-रिंगवर वाळूचा एक कण राहिला तरी तिथून पाझरतं, म्हणून ओ-रिंग पुसून सिलिकॉन ग्रीस लावून बसवा आणि कॅनिस्टर कायम एका प्लॅस्टिकच्या टबात ठेवा. मग वायरी. हीटरच्या वायरीवरून पाणी ओघळत खाली येतं, बोर्डापर्यंत गेलं तर शॉक लागायची भीती, म्हणून प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली यू सारखा झोल ठेवायचा म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल, आणि त्या झोलाच्या खाली लाकूड नको, टब किंवा ट्रे पाहिजे. काठावर टाकलेला टॉवेल किंवा जाळी, त्याचं एक टोक पाण्यात असलं की दुसऱ्या टोकातून रात्रभर पाणी बाहेर येतं. आणि मनी प्लँट! टाकीत मुळं सोडलेला मनी प्लँट दिसायला छान, पण त्याच्या पानांच्या टोकांतून पाण्याचे थेंब बाहेर येतात, विशेषतः रात्री आणि दमट हवेत, आणि बाहेर झुकलेलं पान रोज एकाच जागी गळत राहतं. एका घरी टाकी पूर्ण कोरडी, फिल्टर कोरडा, तरी दोन फळ्या वर आलेल्या, आणि वर बघितलं तर बरोबर त्यांच्यावर एक मोठं पान. पानं आतल्या बाजूला वळवून बांधा, नाहीतर छाटा.

लाइट जाण्याचं वेगळंच प्रकरण आहे. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि लाइट गेली तर पाणी एअरलाइनमधून उलटं सायफन होऊन पंपातून थेट जमिनीवर येऊ शकतं, आणि एअरस्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) तळाशी असेल तर टाकी जवळपास रिकामी होईपर्यंत थांबत नाही. पंप वर ठेवा किंवा नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) लावा, शक्य असेल तर दोन्ही करा, आणि तो व्हॉल्व्ह अगदी स्वस्त असतो त्यामुळे वर्षाला बदलायला कंटाळू नका. संपवाली टाकी असेल, म्हणजे खाली फिल्टरची दुसरी टाकी असेल, तर तिथून पाणी वर परत आणणाऱ्या रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडतात, पाणी त्याच्या खाली गेलं की हवा शिरून सायफन तुटतो. हे भोक शेवाळाने बुजतं, दर वेळी टूथब्रश मारा. आणि काम संपवायच्या आधी मेन स्विच बंद करून दोन मिनिटं बघा, संप भरून वाहत नाहीये ना.

वजनाचा हिशोब सोपा आहे. 3 बाय दीड बाय दीड फूट टाकीत साधारण 190 लिटर, म्हणजे 190 किलो पाणी, काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून अडीचशेच्या वरच. लोखंडी स्टँडच्या चार पायांवर ते आलं तर प्रत्येक पायाखाली साठ किलोच्या वर, लाकडात खड्डा पडणारच, म्हणून खाली 18 एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय द्या, कडा पॉलिशने बंद करून. रबरी मॅट किंवा रेक्झिन थेट लाकडावर नको, ओल आत अडकते आणि रबराने पॉलिशचा रंगही जातो. ट्रे जरूर ठेवा पण त्याच्यावर जास्त विसंबू नका, 4 बाय 2 फूट आणि 2 इंच उंच ट्रेमध्ये 37-38 लिटरच मावतात. ट्रेमध्ये बॅटरीवर चालणारा लीक अलार्म टाकला तर छोटी गळती लगेच कळते.

एक गोष्ट फ्लोअरिंगवाल्या मित्राने शिकवली ती इथे सांगतो. फ्लोटिंग फ्लोअर खाली चिकटवलेला नसतो, पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्यासाठीच भिंतीलगत स्कर्टिंगखाली जागा सोडलेली असते. एका बाजूला टाकी आणि समोरच्या बाजूला भरलेलं कपाट आलं की तो दोन्हीकडून दाबला जातो, मग गळती नसतानाही मधेच फळ्या उचलतात किंवा फटी पडतात, आणि नाव टाकीचंच येतं. त्यामुळे जागा ठरवताना खोलीत बाकी काय जड आहे ते बघा.

पाणी सांडलंच तर आधी विजेचा स्विच, मग टॉवेल, मग स्कर्टिंग काढून कडेने हवा जाऊ द्या, पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं मशीन) चालू. हीट गन नको, लाकूड तडकतं. कडा वर आलेल्या दिसल्या की सुतार लगेच घासू या म्हणतात, तेव्हा हो म्हणू नका, ओल असताना घासलं तर वाळल्यावर कडा खाली जातात आणि मधला भाग वर राहतो, आणि ते जास्त वाईट दिसतं. मॉइश्चर मीटरने त्याच खोलीच्या कोरड्या कोपऱ्याचं रीडिंग घ्या आणि ओल्या जागेचं त्याच्याजवळ आलं की मगच घासायचं. साग-ओकवर लोखंडी पायाखाली काळा डाग पडतो, तो लाकडातलं टॅनिन आणि गंज मिळून झालेला असतो, पॉलिश काढून ऑक्झॅलिक ॲसिडने बराचसा निघतो, पण ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि टाकीजवळ ती बाटली उघडूच नका.

आणि टाकी बसवायच्या दिवशी, स्टँड आत यायच्या आधी, त्या कोपऱ्यातल्या जमिनीचे फोटो काढून तिथेच क्लायंटला व्हॉट्सॲप करा, जुने ओरखडे आणि फटी दिसतील असे, आणि एएमसीच्या (वार्षिक मेंटेनन्स कराराच्या) कागदात जमीन तपासणी हे वेगळं काम म्हणून लिहा आणि त्याचे पैसे लावा.