मामाच्या लॅपटॉपवर आवाज येई, चित्र नाही

मामाच्या जुन्या लॅपटॉपवर मी फेडोरा ही लिनक्स प्रणाली टाकून दिली. दोनच दिवसांत त्याचा फोन, "अरे, साखरपुड्याचा व्हिडिओ लावला तर नुसता आवाज येतोय!"

मोबाइलने तो एचईव्हीसी प्रकारात टिपला होता. पेटंटच्या भानगडीमुळे हा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारा आणि उलगडणारा प्रोग्राम) फेडोराच्या मूळ सॉफ्टवेअर-भांडारात मुद्दामच ठेवलेला नाही. आधी मी आगाऊपणाने कुठल्याशा साइटवरून सुटी आरपीएम फाइल (फेडोराचं सॉफ्टवेअर-पॅकेज) उतरवली. ती अवलंबित्वांच्या, म्हणजे तिला लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या, यादीतच अडकली. तसं करू नका.

खरा उपाय आरपीएम फ्यूजन हे फेडोरासाठीचं वेगळं भांडार. याचे दोन भाग. 'फ्री'मध्ये मुक्त स्रोताचं, पण फेडोराला देता न येणारं सॉफ्टवेअर, तर 'नॉनफ्री'मध्ये एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारख्या गोष्टी. मामाला पहिलाच पुरला. आरपीएम फ्यूजनच्या संकेतस्थळावरून आपल्या फेडोरा आवृत्तीचं रिलीज पॅकेज, म्हणजे हे भांडार जोडून देणारं पॅकेज, बसवलं. मग टर्मिनलमध्ये डीएनएफ या फेडोराच्या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेच्या 'स्वॅप'ने 'एफएफएमपेग-फ्री' हे व्हिडिओ-आवाज उलगडणारं अपुरं पॅकेज काढून पूर्ण 'एफएफएमपेग' आणलं. सोबत 'अलाउ-इरेजिंग' हा पर्याय द्यायचा, नाहीतर जुनं पॅकेज जागा सोडत नाही.

बाकी ॲपसाठी फ्लॅटहब हे लिनक्सचं ॲप-दुकान चालू करून दिलं. तिथे टर्मिनल लागत नाही, डिस्क मात्र जास्त खातं. आता मामा रोज नवं काहीतरी बसवतो आणि मला फोन करतो.