डिलिव्हरी व्हॅनचा कॅम्पर करताय? नागपुरात तरी या चुका टाळा

यूट्यूबवर आम्ही कॅम्परचे (आत झोपता-राहता येईल अशा गाडीचे) जेवढे व्हिडिओ पाहिले, त्यातल्या बहुतेकांत बाहेर बर्फ पडत होता आणि आत माणूस कॉफी करत होता. तेच डोक्यात घेऊन मी आणि माझ्या मेहुण्याने कुरिअरची जुनी व्हॅन घेतली. आधी पलंग केला, मग कपाटं, मग दिवे. ऊन आठवलं ते मे महिना आल्यावर. क्रम नेमका उलटा झाला होता. नागपुरात कॅम्परचं काम उन्हापासून सुरू करायचं आणि पलंग सगळ्यात शेवटी करायचा. खालच्या बहुतेक चुका आमच्या स्वतःच्या आहेत, एक-दोन दुसऱ्यांच्या गाडीत पाहिलेल्या.

कटर आधी, कागद नंतर

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या, रिकामं वजन हे सगळं लिहिलेलं असतं. मूळ तपशिलाशी गाडी जुळेनाशी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, असं मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल केलात तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कॅम्पर ही कायद्याला अनोळखी वस्तू नाही. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कारवान पर्यटनाचं धोरणही आणलं. पण मानकाप्रमाणे कारखान्यात बांधलेली गाडी वेगळी आणि गल्लीतल्या सुताराने सजवलेली वेगळी. म्हणून कटर हातात घेण्याआधी कागदावर साधं रेखाटन काढा, गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथे न्या (एमएच-३१, ४९ आणि ४० ही तीन वेगळी कार्यालयं आहेत, हे विसरून आमची एक सकाळ वाया गेली) आणि काय चालेल ते लेखी विचारा. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या तोंडी हमीवर छत कापू नका. छत, खिडक्या, सीट यांना हात न लावता काढता-घालता येणारं सामान ठेवणं हा त्यातल्या त्यात कमी भानगडीचा रस्ता. तेव्हाही विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. आणि गाडी चालू असताना मागे पलंगावर कुणालाही झोपवायचं नाही. तिथे ना सीट, ना बेल्ट.

रंग पाहून गाडी घेणे

वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात चकचकीत पेंट मारलेल्या व्हॅन खूप दिसतात. डिलिव्हरीच्या गाडीने दिवसातून पन्नास वेळा थांबत-निघत आयुष्य काढलेलं असतं, त्यामुळे क्लच आणि ब्रेक आधी बघा. मग मागचं रबर मॅट उचला. दूध, बर्फ किंवा मासळी वाहिलेल्या गाडीत मॅटखाली गंज असतोच. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा, पत्रा चाळणी झाला असेल तर वरून प्लाय ठोकून तो झाकू नका. घासून, रेड ऑक्साइड मारून, गरज असेल तिथे पत्रा बदलूनच पुढे जा. बँकेचा बोजा उतरलाय का, पासिंग (फिटनेस) कधी संपतंय, चलान किती थकलेत, हे पैसे देण्याआधीच.

ऊन शेवटी आठवणे

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) तर विचारू नका. उभ्या व्हॅनचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. आमच्या गाडीत दुपारी दोनला हात टेकवत नव्हता.

पहिली चूक म्हणजे थंड देशांची नक्कल. त्यांना उष्णता आत कोंडायची असते, आपल्याला बाहेर ठेवायची असते. त्यामुळे सुरुवात आतून नाही, वरून. गच्चीवर चुना मारणारं, उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी नेट बांधणारं आपलं शहर, आणि आम्ही मात्र ‘दिसायला भारी’ म्हणून छताला मॅट काळा रंग दिला! तो खरवडून पांढरा दिला तेव्हा कुठे फरक कळला. त्यावर सोलर पॅनल लावायचं असेल तर छताला चिकटवू नका, दोन-तीन इंच उंच बसवा. छताला सावली मिळते आणि पॅनलखालून वारा खेळतो. पॅनलची वीज २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. पॅनल ६५ अंशांवर गेलं की १५ टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच गेली.

आतल्या थराबद्दल बोलायचं तर चांदीचा बबलवाला कागद थेट पत्र्याला चिकटवणं हा पैशाचा चुराडा. चकाकणाऱ्या बाजूसमोर हवेची पोकळी असेल तरच तो उष्णता परतवतो. थर्मोकोल जळतो, तो नको. काचलोकर (ग्लासवूल) ओल धरते आणि पावसाळ्यात पत्र्याला आतून गंज लावते. आम्ही शेवटी बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, एक्सएलपीई फोम घेतला. तो पत्र्याच्या फासळ्यांवरही (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांवरही) लावा, कारण उघडी राहिलेली फासळी सगळी उष्णता आत घेऊन येते.

आणि गोंद! साध्या रबर सोल्यूशनने चिकटवलेलं आमचं छताचं कापड पहिल्याच मेमध्ये झोळीसारखं लोंबलं. जास्त तापमान सोसणारा गोंद मागून घ्या, शिवाय आडव्या पट्ट्या स्क्रूने मारा.

आता थंडाव्याचं. एक टनाचा एसी बॅटरीवर चालवायचा विचार सोडून द्या, हिशेब पुढे येतोच. आपल्याकडे कूलर आहे की! कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा छोटा १२ व्होल्टचा कूलर कमाल करतो. मात्र लोक दारं-खिडक्या बंद करून तो लावतात आणि तासाभरात आत दमट होऊन घामाघूम होतात. कूलरला एका बाजूने कोरडी हवा घ्यायला आणि दुसऱ्या बाजूने ओली हवा सोडायला वाट लागते. जूनमध्ये पाऊस लागला की त्याचा उपयोग संपला, मग फक्त पंखा.

छताला भोक पाडण्याची घाई

परवानगी मिळाली तरच. फासळी कापू नका, दोन फासळ्यांच्या मध्ये कापा. कडेला लगेच प्रायमर मारा, कापताना उडालेला लोखंडी भुसा पूर्ण झाडून काढा, नाहीतर पहिल्या पावसात पांढऱ्या छतावर तपकिरी ठिपके उमटतात. फटी बुजवायला सिलिकॉनऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

गळती शोधताना सगळेच फसतात. पाणी टपकतं तिथे भोक नसतं, ते फासळीवरून वाहत येऊन भलतीकडे पडतं. पाइपने एकदम पूर्ण गाडी भिजवू नका. खालून सुरू करून एकेका भागावर दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन एकाला बसवा.

विजेचा हिशेब न मांडणे

१२.८ व्होल्टची १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॅट-तास. त्यातले हजारभर वापरायचे धरा. ३० वॅटचा पंखा रात्री दहा तास चालला तर ३००. ५० वॅटचा छोटा फ्रिज अर्धा वेळ चालू राहिला तर दिवसाला ६००. दिवे आणि मोबाईल मिळून शंभर. संपली बॅटरी! त्यात हजार वॅटचा एसी टाकला तर तासाभरात अंधार. आणि उन्हाळ्यात फ्रिज अर्धा वेळ नाही, जवळजवळ सतत चालतो.

‘फ्रिज सुरू झाला की दिवे मंद होतात’ ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. बॅटरी बदलायला धावू नका, वायर बघा. घरगुती कामातली १.५ चौरस मिमीची वायर पाच मीटर नेली (येऊन-जाऊन दहा) आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. २३० व्होल्टमध्ये तो कुणाच्या लक्षातही येत नाही. १२ मध्ये तो दहावा हिस्सा आहे. ६ चौरस मिमीची वायर टाकली की हेच नुकसान साधारण पाव-तृतीयांश व्होल्टवर येतं. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरातच हवा. तो पलीकडच्या बोर्डावर ठेवला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

सकाळी गाडीच सुरू होत नसेल, तर पंखा-फ्रिजची आणि इंजिनची बॅटरी एकत्र जोडलेली आहे असं समजा. दोन्ही वेगळ्या ठेवा. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनवर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट जोडली तर ती हपापल्यासारखी करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर लावा. दुपारी चार्जिंग आपोआप बंद पडत असेल तर बॅटरी खराब झाली असेलच असं नाही; खूप तापली की तिच्या आतली बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) चार्जिंग तोडते. उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला टेकवलेली बॅटरी मधोमध, हवेशीर जागी सरकवा.

वजन

लकडगंजातून आम्ही १८ मिमी प्लायचे आठ शीट आणले. एक शीट साधारण ३५ किलो, म्हणजे २८० किलो लाकूडच. सुतार बिचारा काम करता करता म्हणाला, “काहून एवढं भरून राह्यले भाऊ, घर बांधता काय?” ऐकायला हवं होतं. पलंगाला १२ मिमी आणि कपाटांच्या दारांना ६ मिमी पुरतं. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. ती टाकी मागच्या टोकाला नको, खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये ठेवा. टाकी मागे असली की वळणावर गाडी शेपूट हलवते. काम अर्धं झालं की कळमन्याच्या बाजूला एखाद्या धर्मकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) गाडी चढवा आणि पुढचं-मागचं वजन वेगळं घ्या. आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूशी (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी) ताडून पाहा, त्यात माणसांचं वजन धरायला विसरू नका. वजनाने दबलेले मागचे स्प्रिंगचे पाटे आणखी एक पाटा घालून उचलता येतात, पण त्याने गाडीची परवानगी असलेली वजनमर्यादा वाढत नाही.

गॅस

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. खिडकी उघडी असली तरी तो जमिनीलगत राहतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारं छिद्र हवं आणि गॅसचा अलार्मही जमिनीजवळ. सिलिंडर उभाच, पट्ट्याने बांधलेला. शेगडी पेटवून ऊब घेत झोपणं नाही म्हणजे नाही, पेंचच्या बाजूला डिसेंबरात कितीही थंडी पडो. शेगडीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावडरचा एबीसी अग्निशामक पलंगाखाली नको, दाराशी लावा. खरं सांगायचं तर आम्ही स्वयंपाक बाहेरच करतो. सावजी रस्शाचा वास गादीत बसला की महिनाभर जात नाही.

खडखड

प्लायला प्लाय घासला की आवाज येतो. जोडांत जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या घाला. आमच्या गाडीत तरीही एक आवाज उरला होता. रामटेकला खिंडसीच्या वाटेवर तर डोकं उठायचं. प्रत्येक कपाट सोडून पुन्हा आवळलं. शेवटी मेहुण्याने वैतागून सरकत्या दाराचं पॅनल उघडलं, तर आतल्या पोकळीत कुरिअरवाल्या पोराचा सही घ्यायचा बॉलपेन, टोपणासकट.