उरलेल्या लोकरीचे चौकोन एका मापाचे करण्यासाठी

पांघरुणांसाठी दानात आलेली लोकर जाड-बारीक असल्याने क्रोशाचे चौकोन लहानमोठे होतात आणि जोडताना कडा आकसतात.

१. पुठ्ठ्याचा १५ सें.मी.चा चौकोन कापावा.
२. लोकर न ताणता पट्टीवर २ सें.मी. अंतरात शेजारी-शेजारी गुंडाळून वेढे मोजावेत. बारीक लोकर दुहेरी घेतल्यावर वेढे जाड लोकरीइतकेच भरले, तर ती तशीच दुहेरी विणावी.
३. फेऱ्या न मोजता चौकोन पुठ्ठ्याच्या कडेला टेकेपर्यंत विणावा, आणि थोडीच जागा उरल्यास शेवटच्या फेरीत खांबांऐवजी मुके खांब (खांबापेक्षा बुटके टाके) घालावेत. ही फेरी सर्व चौकोनांना एकाच रंगाची दिल्यास रंगीबेरंगी तुकडेही फार देखणे दिसतात.

असे ४२ चौकोन, सहा बाय सात, लहान मुलाला पुरतात.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी विणताना मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. कोपीत, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, चूल अंथरुणाजवळच असते आणि अॅक्रिलिक (कृत्रिम लोकर) पेटल्यास वितळून कातडीला चिकटते, म्हणून धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व तिची राख बोटांनी चुरता येते, तर अॅक्रिलिकचा कडक काळा मणी उरतो. असा मणी उरणारा धागा पक्क्या घरांत जाणाऱ्या पांघरुणांसाठी वेगळा ठेवावा.