‘कोसला’ वाचायला घेताय? मग अशी वाचा

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्याला कॉलेजात शिकायला येतो, होस्टेलवर राहतो, नापास होतो आणि गावी परततो. एवढ्या कथानकावर मराठीतल्या कितीतरी पिढ्यांनी जीव लावला आहे. तरीही पुष्कळ जण ती सुरुवातीलाच मिटवतात, कारण ते ‘पुढे काय होतं’ याची वाट पाहत बसतात.

सगळ्यात आधी समीक्षा बाजूला ठेवा. ‘कोसला’वर इतकं लिहिलं गेलंय, की ते आधी वाचलं तर पांडुरंग तुम्हाला भेटण्याआधीच त्याच्याबद्दलची मतं भेटतील.

पहिली दहा-बारा पानं मोठ्याने वाचा. पांडुरंग बोलतो तसं लिहितो. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तर त्याच्या तोंडात सतत. डोळ्यांना हे अडखळल्यासारखं वाटतं, पण कानांना लगेच सवय होते आणि त्या बोलण्यातलं हसू, चीड, एकटेपणा वेगवेगळा ऐकू येऊ लागतो.

कादंबरीचे सहा भाग आहेत. सगळ्यांना एकच वेग लावू नका. होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्रांची उधारी हा मजकूर भरभर वाचावा, त्यातली गंमत वेगातच आहे. डायरीची पानं मात्र डायरीसारखीच घ्या: रोज झोपताना चार-पाच नोंदी, बस्स.

मग मनीच्या मृत्यूची पानं येतात. मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या आजाराने (स्मॉलपॉक्सने) जाते. आज देवी म्हणजे काय हे नव्या वाचकाला माहीत नसतं. भारतातून हा रोग १९७५ पर्यंत हटला नव्हता. घरात देवी आल्या की मूल वाचेल याची खात्री नसे. हे ठाऊक असेल तर पांडुरंगचा आक्रोश अतिरेकी वाटत नाही. माझ्या मते मराठी गद्यात दुःख इतकं उघडंवाघडं क्वचितच आलं आहे. ही पानं संपली की त्या दिवशी पुस्तक मिटा. अजिंठ्याची लेणी पाहतानाचा पांडुरंग वाचायचा तर मन रिकामं हवं, घाईत त्यातलं काहीच हाती लागत नाही.

वडिलांशी त्याचं जे बिनसलेलं आहे, तिथे लगेच कुणाची बाजू घेऊ नका. सगळं आपण पांडुरंगच्याच तोंडून ऐकतो आहोत. पेन्सिल जवळ असेल तर वडिलांच्या प्रत्येक प्रसंगाशेजारी एक खूण करा आणि पुस्तक संपल्यावर फक्त त्या खुणा पुन्हा वाचा. विशीत वाचलेले वडील आणि चाळिशीत वाचलेले वडील एकच राहत नाहीत.

शेवटचा, गावाकडचा भाग संथ आहे. कंटाळा आला तर आठवडाभर थांबा, पण पानं गाळू नका. पांडुरंगच्या मित्राची, गिरिधरची हकिगत तिथेच आहे.