ओळ बरोबर, कॉलम चुकला: पार्सर लिहिताना या चुका टाळा

‘ओळ १२, कॉलम ९’ असा एरर आला की माणूस थेट तिथे जातो. तिथे सगळं ठीकठाक दिसलं तर त्याचा पार्सरवरचा (कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवरचा) विश्वास उडतो, मग आतलं व्याकरण कितीही काटेकोर असो. ओळ त्या मानाने कमी वेळा चुकते. कॉलम चुकतो, कारण मोजायचं नक्की काय हे कुणी ठरवलेलंच नसतं.

पायथॉनमधली ही ओळ घ्या:

नाव = "क्षितिज" + वय

बेरजेचं चिन्ह कितव्या कॉलमवर आहे? १ पासून मोजायला लागलात तर यूटीएफ-८ या साठवणपद्धतीच्या बाइटांत ३७ व्या, कारण तिथे देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने क्रमांक दिलेलं एकेक चिन्ह, ३ बाइट खातो. कोडपॉइंट मोजले तर १७ व्या. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजली तर १२ व्या. त्यातही, २०२३ च्या युनिकोड १५.१ आधीचे नियम ‘क्षि’चे दोन तुकडे करायचे, म्हणून जुनी लायब्ररी १३ सांगेल. निव्वळ इंग्रजी कोडवर टेस्ट लिहिल्या की या सगळ्या पद्धतींचं उत्तर एकच येतं आणि घोळ झाकला जातो.

तुमचा आकडा पुढे कोण वाचणार, हेही बघा. पायथॉनच्या एएसटीत (पार्सरने बनवलेल्या कोडच्या झाडात) ओळ १ पासून आणि कॉलम ० पासून सुरू होतो, तोही बाइटांत. गो भाषेच्या टोकन पॅकेजात दोन्ही १ पासून, कॉलम बाइटांत. एडिटरसाठीचा लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल दोन्ही ० पासून मोजतो आणि वेगळं काही ठरलं नसेल तर यूटीएफ-१६ ची युनिटं (१६ बिटांचे तुकडे) धरतो; ३.१७ आवृत्तीपासून दुसरं एकक ठरवून घेता येतं. मराठी मजकुरात कोडपॉइंट आणि यूटीएफ-१६ युनिटं सारखीच भरतात, त्यामुळे नुसत्या देवनागरी टेस्टने इथली चूक सापडत नाही. स्ट्रिंगमध्ये एक हसरा इमोजी टाका: १ कोडपॉइंट, २ युनिटं, ४ बाइट. एडिटरमधली लाल रेघ एक घर सरकली की कारण कळलंच.

लेक्सरमध्ये (कोडचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांसारखे तुकडे पाडणाऱ्या भागात) ओळ आणि कॉलमचे दोन काउंटर ठेवून ते अक्षरागणिक वाढवत बसणं, ही माझ्या मते मूळ चूक. पार्सर बॅकट्रॅक करतो, म्हणजे एक वाट फसली की मागे येतो, तेव्हा ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर) मागे जातो, कॉलम तिथेच राहतो. अनेक ओळींची कॉमेंट एका दमात गिळली की आतल्या ओळी मोजायच्या राहतात आणि तिथून पुढची अख्खी फाइल सरकते. फ्लेक्स या लेक्सर बनवणाऱ्या साधनाला ओळी मोजायला सांगता येतं, पण कॉलम तुमचा तुम्हालाच सांभाळावा लागतो.

त्यापेक्षा टोकनजवळ फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा बाइट-ऑफसेट ठेवा. प्रत्येक ओळ कुठल्या ऑफसेटला सुरू होते याची एक यादी करून ठेवा. एरर छापायची वेळ आली की त्या यादीत बायनरी सर्च (दरवेळी निम्मी यादी वगळत शोध) करून ओळ काढा आणि तिच्या सुरुवातीपासून हव्या त्या एककात कॉलम मोजा. रस्टचा कंपायलर आणि सी, सी++ चा क्लँग कंपायलर असंच करतात. जी फाइल बिनचूक आहे तिच्यात कॉलम मोजायची वेळच येत नाही.

ओळींचे आकडे जवळपास दुपटीने येत असतील तर विंडोजवर ओळ संपवणारे कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड वेगवेगळे मोजले जातायत. फक्त पहिल्या ओळीचा कॉलम ३ ने पुढे असेल तर फाइलच्या सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी ३ बाइटची अदृश्य खूण) तपासा.

टॅब किती कॉलमचा धरायचा, हा वाद मिटणारा नाही. जीसीसी हा कंपायलर ११ व्या आवृत्तीपासून दिसणारे कॉलम मोजतो आणि टॅब ८ चा धरतो. दोन्ही बदलता येतात. चुकीखाली बाण छापताना मात्र अंदाजाने स्पेस भरू नका, वरच्या ओळीत टॅब असेल तिथे खालीही टॅबच छापा. देवनागरी ओळीखाली तोही उपाय पुरत नाही, कारण प्रत्येक टर्मिनल जोडाक्षराला वेगळी रुंदी देतं. तिथे चुकलेला तुकडा रंगवून दाखवलेला बरा.

न मिटलेल्या स्ट्रिंगचा पत्ता फाइलच्या शेवटी लागतो, पण एरर सुरुवातीच्या अवतरणचिन्हावर दाखवा. सेमीकोलन राहिला असेल तर पुढच्या ओळीतल्या निरपराध टोकनवर बोट ठेवू नका. आधीचं टोकन जिथे संपलं तिथे दाखवा. टोकनचा शेवटचा ऑफसेट जपून ठेवायचा तो यासाठीच.