उन्हाळ्यात शिवसागरातून कांदाटी खोऱ्यातील गावांकडे

कोयना धरणाच्या फुगवट्याला शिवसागर म्हणतात. महाबळेश्वरहून घाट उतरून सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर तापोळा येते, तर साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठता येते. दोन्ही ठिकाणी बोट क्लब आहेत. बहुतेक पर्यटक तासभर फेरी मारून परततात. माझ्या मते शिवसागराचे खरे वैभव काठावरच्या लहान गावांत आहे आणि त्यांच्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा.

बेत ठरवताना अंतराच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले जाते आणि पूर्वेकडे सिंचनासाठीही सोडले जाते. पाण्याचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत मोजले जात असल्यामुळे मेअखेरीस जलाशय तळाकडे गेलेला असतो. पाणी सर्वांत आधी हटते ते वरच्या, उथळ फाट्यांतून. तापोळ्याजवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम आहे आणि आपल्याला जायची गावे कांदाटीच्या फाट्यावर आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ज्या गावाच्या पायथ्याशी लाँच लागते, त्याच गावासाठी मेच्या उत्तरार्धात बरेच अलीकडे उतरून भेगाळलेल्या गाळातून आणि चढावरून चालत जावे लागू शकते. म्हणून निघण्यापूर्वी बोट क्लबला फोन करावा आणि ‘बोट मिळेल का’ एवढ्यावर न थांबता ‘आज लाँच कुठपर्यंत जाते आणि तिथून गाव किती चालीवर आहे’ असे विचारावे. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर एप्रिलचा पहिला पंधरवडा मी अधिक योग्य मानतो.

भाडे सहसा माणशी नसून पूर्ण बोटीचे असते. ते ठरवताना जाणे, थांबणे आणि परत येणे हे तिन्ही आधीच बोलून घ्यावे, कारण थांबण्याच्या वेळेवरूनच नंतर वाद होतात. खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे रोख पैसे जवळ ठेवावेत आणि परतीची वेळ व उतरण्याची जागा नावाड्याशी तोंडी पक्की करावी. पोहता येत असले तरी प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे, आणि बोटीत ठरलेल्या संख्येहून अधिक माणसे बसलेली दिसली तर संकोच न करता दुसरी बोट मागावी. पाणी खोल आहे आणि मदत दूर आहे.

सकाळी आठच्या सुमारास निघणे सर्वांत चांगले. त्या वेळी पाणी संथ असते आणि ऊनही सुसह्य असते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग पाहता पाहता डोंगरामागून चढून येतात आणि अरुंद खोऱ्यात वारा लाटा उठवतो. नावाडी ‘आता निघू’ म्हणाला की जेवण अर्धवट टाकूनही निघावे.

एका दिवसात दोन गावे पुरेत. अकल्पे, निवळी, लामज, उचाट ही कांदाटी खोऱ्यातील गावे. पुढे शिंदी गावाहून चकदेवाच्या डोंगरावर जाता येते, पण त्यासाठी मुक्काम हवा. या गावांत हॉटेल शोधू नये. आदल्या दिवशी नावाड्याकरवी निरोप दिल्यास एखाद्या घरी नाचणीची भाकरी, पिठले आणि भात मिळू शकतो. त्याचे पैसे मागितले नाहीत तरी द्यावेत. मे महिन्यात वाटेवर करवंदे असतात. कुणाच्या बांधावरचे आंबे-फणस मात्र विचारल्याशिवाय काढू नयेत.

बामणोलीहून वासोटा किल्ल्याकडे जाणे हा वेगळा बेत आहे. तो भाग कोयना अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाची परवानगी आणि शुल्क आवश्यक असते. पायथ्याचे मेट इंदवली गाव आता उठलेले आहे, म्हणून तिथे जेवणाची अपेक्षा धरू नये.

धरणाच्या पाण्यात इथल्या कुटुंबांची शेते आणि घरे गेली, अनेकांना दूर पुनर्वसनात जावे लागले. पाणी फार उतरते तेव्हा जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. तिथे चपला घालून दगडांवर चढून छायाचित्रे काढू नयेत. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी जत्रेसाठी, लग्नकार्यासाठी गावी येतात आणि धक्क्यावर सामानासह ताटकळत असतात. आपल्या बोटीत जागा असेल आणि नावाड्याची हरकत नसेल, तर त्यांना बरोबर घ्यावे. कोणत्या टेकाडामागे कोणते गाव आहे, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगू शकत नाही.