फोटोच्या कोपऱ्यातला गुलाबी रंग: लेन्सचा की भिंतीचा?

बीबी का मकबऱ्याचा पांढरा गिलावा लेन्सची चुगली करतो. फिल्मच्या काळातली माझी २१ मिमीची वाइड लेन्स ॲडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली आणि छत्रपती संभाजीनगरात पहिला फोटो काढला तो मकबऱ्याचा. मधला भाग स्वच्छ पांढरा, डावा कोपरा गुलाबी, उजवा हिरवट आणि चारही कोपरे अंधारलेले. आधी वाटलं, उन्हाचा खेळ असेल.

म्हणून दुरुस्तीच्या आधी एक परीक्षा करा. एखाद्या साध्या भिंतीचा फोटो घ्या, मग कॅमेरा उलटा धरून त्याच भिंतीचा पुन्हा घ्या. गुलाबी डाग भिंतीच्या त्याच जागी राहिला तर तो भिंतीचा किंवा उजेडाचा. कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला तर लेन्सचा. मकबऱ्यात ही परीक्षा विशेष उपयोगी पडते, कारण तिथे संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि वर घुमटालाच आहे, मधे काळ्या दगडावर गिलावा. या दोन पांढऱ्यांत मुळातच फरक आहे, तो पुसायचा नसतो.

कोपरे काळवंडतात कारण तिथे प्रकाश तिरका पोचतो. साध्या लेन्सच्या हिशेबात अक्षापासून, म्हणजे लेन्सच्या मधल्या सरळ रेषेपासून, ४५ अंशांवर मध्याच्या फक्त चौथाई उजेड उरतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). रंग बिघडतो तो सेन्सरपाशी. सेन्सरवरच्या काचेतून तिरक्या किरणाला जास्त अंतर कापावं लागतं, तिथला इन्फ्रारेड फिल्टर त्यातला लाल थोडा जास्त खातो आणि काही उजेड शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. फिल्मला या तिरकेपणाचं एवढं काही वाटत नसे.

नुसता व्हिनेटिंगचा, म्हणजे कोपऱ्यांच्या अंधाराचा, स्लायडर ओढून हे का सुटत नाही, ते आकड्यांत बघा. समजा, मध्यावर हिरव्याची नोंद ८००० आणि कोपऱ्यात ४०००. तिथे दुपटीने वाढवावं लागेल. लालची मध्यावर ४०००, कोपऱ्यात १६००. त्याला अडीचपट हवं. सगळ्यांना दुप्पट केलं की कोपरा उजळतो, पण लाल मागे पडतो आणि हिरवट झाक उरते. प्रत्येक रंगाचा भागाकार वेगळा करावा लागतो, तोही रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर, कारण रॉमधले आकडे पडलेल्या उजेडाच्या प्रमाणात असतात. जेपेगमध्ये ते प्रमाण आधीच मोडलेलं असतं.

या भागाकारासाठी लागते ती फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या पांढऱ्याचा फोटो. बोर्ड बनवणाऱ्याच्या दुकानातून दुधी ॲक्रिलिकचा २-३ मिमीचा तुकडा मागा. मी मागितला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "भाऊ, नाव काय टाकायचं त्याच्यावर?" काहीच टाकायचं नाही म्हटल्यावर त्याने मला नीट निरखून पाहिलं.

मूळ फोटो झाला की काहीही न बदलता हा तुकडा लेन्सच्या तोंडाला टेकवून धरा. ॲपर्चर तेच, फोकस तोच, झूम असेल तर तोही तसाच. शटर बदललं तर चालेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत सावलीत उभं राहून मोकळ्या आकाशाकडे रोखा, सूर्याकडे नको. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, मधोमध किंवा जरा उजवीकडे असावा, एकही रंग उजव्या भिंतीला धडकलेला नसावा. आयएसओ सर्वांत कमी. मग कॅमेरा पाव फेरी फिरवून आणखी एक फ्रेम घ्या. दोन्हींत झाक फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात असेल तर उजेड एकसारखा होता. नसेल तर जागा बदला.

घरी आल्यावर फुकट मिळणारं रॉ-थेरपी हे सॉफ्टवेअर पुरतं. फोटो उघडा, रॉ टॅबमध्ये फ्लॅट-फील्ड विभागात ती फ्रेम निवडा. ब्लरचा (ती फ्रेम धूसर करण्याचा) प्रकार एरिया, त्रिज्या ३२ राहू द्या. ती शून्य केली तर सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही जातात, पण फ्लॅट फ्रेममधला नॉइज फोटोत उतरतो. जवळजवळ पांढरं आकाश असेल तर दुरुस्तीने ते कोरं पांढरं होऊ नये म्हणून क्लिप कंट्रोल वाढवून बघा. लेन्स प्रोफाइलमधलं व्हिनेटिंग मात्र बंद करा, नाहीतर दुरुस्ती दोनदा होऊन कोपरे मध्यापेक्षा उजळ दिसतील. मोबाइलच्या डीएनजी (रॉचाच एक प्रकार) फाइलमध्ये ही दुरुस्ती बऱ्याचदा आतच लिहिलेली असते, तिथेही दुसरी लादू नका. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगदुरुस्ती, यानंतर.

वेरूळच्या कैलास लेण्यात हे सगळं करूनही एक बाजू निळसर आणि दुसरी तांबूस राहते. लेणं पश्चिमाभिमुख आहे. दुपारनंतर उन्हातला दगड समोरच्या भिंतीवर उबदार उजेड फेकतो आणि सावलीतल्या बाजूला वरून निळं आकाश उतरतं. उलट्या कॅमेऱ्याची परीक्षा घेतली तर ही झाक भिंतीलाच चिकटून राहते. मी व्हाइट बॅलन्स मोजायचं राखाडी कार्ड सावलीत एकदा आणि उन्हात एकदा टिपून ठेवतो, दोन्हींच्या मधला व्हाइट बॅलन्स घेतो आणि तांबूसपणाला हात लावत नाही.